वाळू, कोकोपीट की दोन्ही? सोलापूरच्या हवेत हर्मिट क्रॅबची टाकी ओलसर ठेवताना

हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा खेकडा, पाळायचा ठरवला की पहिला प्रश्न पडतो, टाकीच्या तळाशी काय भरायचं? प्रश्न रास्त आहे, पण सोलापुरात राहणाऱ्याने आधी झाकणाचा विचार करावा, असं माझं मत आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि दुपारची हवा इतकी कोरडी की दोरीवरचा ओला टॉवेल बघता बघता वाळतो. तीच हवा टाकीवरून फिरत असेल तर खाली कितीही महागाचा माल भरा, आठवड्यात त्याचा भुसा होणार.

जमिनीवर राहणारे हे खेकडे मूळचे उष्ण समुद्रकिनाऱ्यांवरचे. हवेतला प्राणवायू ते कल्ल्यांतून घेतात, आणि ते कल्ले ओले राहिले तरच काम करतात. म्हणून टाकीतल्या हवेत 75 ते 85 टक्के आर्द्रता हवी आणि तापमान 24 ते 29 अंश. शिवाय कात टाकायला ते वाळूत खोल उतरतात आणि आकारानुसार काही आठवडे, मोठा क्रॅब असेल तर दोन-तीन महिनेही वर येत नाहीत. त्या काळात थर कोरडा पडला की बीळ अंगावर ढासळतं, आणि पाणी साचलं तर क्रॅब खालच्या खाली कुजतो.

तर झाकण. जाळीचं झाकण स्वस्त, हलकं आणि बहुतेक टाक्यांबरोबरच येतं. मुंबईच्या पावसाळी हवेत ते चालूनही जाईल, आपल्याकडे नाही. सकाळी स्प्रे मारलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. कूलर चालू असतो तोवर खोलीतली आर्द्रता जरा बरी असते, वीज गेली की पुन्हा तेच. त्यापेक्षा काचवाल्याकडून मापाची काच कापून घ्या आणि कडा घासून घ्यायला विसरू नका. ॲक्रिलिकचा पत्रा ओलीने आणि उष्णतेने वाकतो, मग कडेला फट पडते आणि क्रॅब तिथूनच निसटतो. काचेखाली वाफ धरते, थेंब परत खाली पडतात, म्हणजे तेच पाणी फिरत राहतं. रोज खाणं बदलताना झाकण उघडतंच, तेवढी हवा पुरते. काचेची टाकी उन्हाच्या खिडकीत किंवा स्लॅबखालच्या तापलेल्या खोलीत मात्र अजिबात नको. आतलं तापमान 32 च्या वर गेलं की ओल असूनही क्रॅब धोक्यात येतो. तळमजल्यावरची आतली खोली सगळ्यांत बरी.

आता मूळ प्रश्न.

नुसती वाळू घेतली तर बीळ छान टिकतं, वासही येत नाही. पण पाणी हळूहळू तळाला उतरतं: वर कोरडं, खाली डबकं. वाळू बारीक नदीची असावी. बांधकामाची क्रश सँड दगड फोडून केलेली असते, तिचे कण धारदार असतात, आणि कात टाकलेल्या क्रॅबचं अंग लोण्यासारखं मऊ असतं. नदीची वाळू चाळून, गढूळपणा जाईपर्यंत धुवावी लागते. काही दिवसांच्या अंतराने नळाला पाणी येणाऱ्या घरात हे काम पाण्याच्या दिवशीच उरकावं. रंगीत कॅल्शियम सँड फुकट दिली तरी घेऊ नका, ओली झाली की ती दगडासारखी घट्ट होते.

नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, कोणत्याही नर्सरीत विटेच्या रूपात मिळतं, भिजवलं की फुगतं. पाणी धरण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. पण ते भुसभुशीत असतं, खोल बीळ त्यात उभं राहत नाही. वरचा थर फिकट पडला तरी आत ओल असते, त्यामुळे नवखा माणूस रोज पाणी घालत राहतो आणि बुरशी धरते. खत मिसळलेलं नको, साधं घ्या.

माझी पसंती मिश्रणाला: पाच भाग वाळू, एक भाग कोकोपीट. वाळू बिळाला आकार देते, कोकोपीट पाणी धरून ठेवतं. थर निदान सहा इंच, किंवा सर्वांत मोठ्या क्रॅबच्या उंचीच्या तिप्पट, यातलं जे जास्त असेल ते. कोरडं भरून वरून पाणी ओतण्याचा आळस नको. बाहेर घमेल्यात पाणी घालत कालवा. मूठभर घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला पाहिजे आणि बोटांतून एकही थेंब गळता कामा नये. गोळ्यात बोट खुपसून काढलं तर भोक तसंच उभं राहतं, तेव्हा समजा जमलं. पाणी क्लोरीन काढलेलं घ्या. मत्स्यालयाच्या दुकानात क्लोरीन काढायचे थेंब मिळतात. बोअरचं पाणी क्लोरीनविरहित असलं तरी फार जड असतं, मी ते टाळते.

पुढची निगा स्प्रेने की पाइपाने? स्प्रेने हवेतली आर्द्रता तासभर वाढते, खालचा थर भिजत नाही, आणि रोज मारत राहिलं तर तेच पाणी तळाशी जमतं. त्यापेक्षा भरतानाच कोपऱ्यात तळापर्यंत एक उभा प्लास्टिकचा पाइप रोवून ठेवा. थर सुकत चालला की त्यातून थोडंसं पाणी सोडायचं, आणि पावसाळ्यात तळाशी साचलं तर त्यातूनच सिरिंजला नळी लावून ओढून घ्यायचं. टाकीची काच खालून बघत जा: काळे पट्टे आणि सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे तळाला हवा मिळत नाही, सगळं बदलायची वेळ आली. हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) घ्याच, पण तो हवेचं सांगतो, वाळूचं नाही. वाळूचं मूठच सांगते.

डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा पडतो तेव्हा हीट पॅड लागेल. तो टाकीखाली ठेवला तर थर तळापासून सुकतो, म्हणून मागच्या काचेला बाहेरून, वाळूच्या पातळीच्या वर चिकटवा.

आणि क्रॅब दिसेनासा झाला म्हणून उकरून बघायचं नाही. थर बदलायची वेळ आलीच असेल, तर सगळे वर आल्याची खात्री करून मगच हात घाला.