पार्कच्याच हॉटेलात राहायचं की बाहेर? नऊ महिने, चार प्रकार करून बघितल्यावर

आधीच सांगतो, हा फिरून आल्या आल्या उत्साहात लिहिलेला रिव्ह्यू नव्हे. मे २०२५ अखेरपासून जानेवारी २०२६ पर्यंत आम्ही अमेरिकेत, फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला, डिस्नी पार्कच्या हॉटेलात राहून बघितलं, तिथंच दोन रात्री बाहेरच्या हॉटेलात काढल्या, मग ऑक्टोबरात बेंगळूरजवळ बिडदीला वंडरला ह्या अम्युझमेंट पार्कच्या रिसॉर्टात राहिलो आणि जानेवारीत त्याच पार्कला कुठंच न राहता जाऊन आलो. माझं बेळगावच्या उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे, दिवसभर पार्टीला पर पीस रेट काढून देणं हेच काम, त्यामुळं सुट्टीतसुद्धा एक वही बरोबर असते. हॉटेलवाल्यानं सांगितलेली प्रत्येक सवलत डाव्या बाजूला आणि आम्ही ती खरंच वापरली की नाही ते उजव्या बाजूला. बायको म्हणते असल्या माणसाबरोबर फिरायला जाऊ नये, पण वही तीच वाचून दाखवते सगळ्यांना.

माणसं पाच. मी, बायको, अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि आई, वय अडुसष्ट, गुडघे तिच्या वयापेक्षा दहा वर्षं पुढं. हे मुद्दाम सांगतोय कारण ह्यातला एक माणूस बदलला की सगळा हिशोब बदलतो.

धाकटा भाऊ अटलांटात असतो, त्याच्या गाडीनं ऑर्लँडोला गेलो. डिस्नीच्या स्वतःच्या हॉटेलांत तीन-चार दर्जे आहेत, आम्ही मधल्या दर्जाचं घेतलं, स्कायलायनरच्या लाईनवरचं, म्हणजे ते हवेतून जाणारे पाळणे, रोप-वेसारखे. चार रात्री. टॅक्स धरून रात्रीला साधारण ३०५ डॉलर पडले. भावानं बाहेरचं एक हॉटेल दाखवलं होतं ११८ डॉलरचं. म्हणजे रोजचा फरक १८७ डॉलर, पंधरा-सोळा हजार रुपये झाले की एका रात्रीचे! मी तर नकोच म्हणून बसलेलो. पण शेवटच्या दोन रात्री त्याच बाहेरच्या हॉटेलात राहिलो तेव्हा बिलावर बघतो तर ११८ च्या खाली रिसॉर्ट फी म्हणून ३२ डॉलर, त्या दोन्हीवर टॅक्स, आणि गाडी लावायचे रात्रीला १८. ही फी कसली म्हणून काऊंटरवर विचारलं तर म्हणे पूल आणि वायफायची. पूल बघितला मी, आमच्या कारखान्यातली कूलंटची टाकी त्याच्यापेक्षा मोठी असेल. हॉटेलचं नाव घेत नाही, तिकडं बऱ्याच ठिकाणी असंच चालतं म्हणे. त्यात पार्कचं पार्किंग वेगळं, आम्ही गेलो तेव्हा दिवसाला ३० डॉलर. डिस्नीच्या हॉटेलात रिसॉर्ट फी नाही, हॉटेलात गाडी फुकट, पार्कात लावायची तरी फुकट. हे सगळं धरलं तर बाहेरचं पडलं २१७ आणि आतलं ३०५. खरा फरक ८८ डॉलर, साडेसात हजार रुपये. तरी जास्तच, पण वेबसाईटवर दिसतो त्याच्या निम्मासुद्धा नाही. कुणी जाणार असेल तर पहिल्यांदा हेच करा, खोलीचा आकडा बघू नका, गाडीसकट शेवटचा आकडा बघा.

आता ह्या साडेसात हजारात मिळालं काय ते बघू. सगळ्यात मोठी जाहिरात असते ती रोज सकाळी अर्धा तास आधी आत सोडण्याची, त्यांच्या चारही पार्कांत. ऐकायला भारी वाटतं. पण अर्ध्या तासाचा फायदा घ्यायचा तर गेटवर पाऊण तास आधी उभं राहायला लागतं, नाहीतर पुढची गर्दी तुमचा अर्धा तास खाऊन टाकते. म्हणजे नऊचं पार्क असलं तर साडेआठला आत, पावणेआठला गेटवर, सव्वासातला खोलीतून बाहेर, आणि त्याआधी पाच जणांच्या आंघोळी एका बाथरूममध्ये, आईची देवपूजा (देव बरोबर आणले होते, छोट्या डबीत), चहा, मुलीची वेणी. चार दिवसांतला एक दिवस जमलं. एकच. त्या दिवशी त्यांच्या मॅजिक किंगडम पार्कात पावणेनऊच्या आत पीटर पॅनची राईड झाली, आणखी एक छोटी झाली, आणि दुपारी त्याच पीटर पॅनच्या बोर्डावर ७० मिनिटं थांबायचं लिहिलेलं बघून मी जो काही खुश झालो ते विचारू नका. बाकीचे तीन दिवस आम्ही साडेनऊ-दहाला सगळ्या लोकांसारखे आत गेलो. घरी वडगावात शेजारच्या काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "एवढं पैसं देऊन झोपायला गेलतास काय गा तिकडं?"

दुसरी सवलत रांग चुकवायच्या पासची, लाइटनिंग लेन म्हणतात. तो पास फुकट नाही हां, तो विकतच घ्यायचा, फक्त डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्याला सात दिवस आधी वेळ बुक करता येते आणि अख्ख्या मुक्कामाची एकदम, बाहेरच्याला तीन दिवस आधी. बुकिंग उघडतं तिकडच्या सकाळी सातला, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडं दुपारी साडेचार. आमची फ्लाईट अजून व्हायची होती, मी शॉपमध्येच होतो, लेथवर काम चालू, चहावाला पोरगा किटली घेऊन आलेला आणि मी मोबाईलवर स्लिंकी डॉगची वेळ पकडायलालोय. मिळाली, सकाळी १०:४० ची. ती मुलांची लहान रोलर कोस्टर आहे पण हॉलिवूड स्टुडिओज पार्कात सगळ्यात आधी बुकिंग संपतं ते तिचंच. आमच्या फोरमननं विचारलं काय एवढं अर्जंट मालक, मी म्हटलं मटेरियल बुक करायलालोय. ही सवलत मात्र चारही दिवस कामाला आली, वहीत चार टिक. ज्यांना पासच घ्यायचा नाही त्यांना ह्याचा उपयोग शून्य.

तिसरी, २०२५ पासून हॉटेलात चेक-इन करायच्या दिवशी वॉटर पार्क फुकट. आम्ही अटलांटाहून सात-आठ तास गाडी चालवत दुपारी चारला पोचलो आणि पोहायचे कपडे सगळ्यात खालच्या बॅगेत. क्रॉस. रात्री पार्क बंद झाल्यावर जास्तीचे दोन तास देतात ते ठरावीक दिवशी, आणि ते वरच्या महागड्या दर्जाच्या हॉटेलवाल्यांना, आपल्याला नाही. बुक करताना हे नीट वाचा, सवलतींच्या यादीत सगळं एकत्रच दिसतं.

आणि मग ज्याची कुठं जाहिरात नाही ती गोष्ट. दुपारची झोप.

जूनमध्ये फ्लोरिडात दुपारी ऊन असं असतं की आपल्या बेळगावच्या माणसाला, ज्याला मे महिन्यातसुद्धा वळवाचा पाऊस पडून रात्री पांघरूण लागतं त्याला, ते सोसतच नाही, आणि तीन-चार वाजले की ढग भरून येऊन विजा. पहिल्याच दिवशी दीड वाजता आई एका बाकावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही जावा गा, मी हितंच बसते." तिचा चेहरा लाल, पायातले बूट काढून बाजूला ठेवलेले, मोजे बाकावर वाळत घातलेले, तिथल्या बाकावर! तिला आणि मुलीला घेऊन मी पाळण्यात बसलो, खोलीवर पोचलो, आईनं बाथटबमध्ये गार पाणी सोडलं आणि साडी गुडघ्यापर्यंत धरून टबाच्या काठावर बसून पाय सोडले आत, पाऊण तास. मुलगी झोपली. बाहेर वीज कडकडायलाली, पाळणे बंद झाले (विजा असल्या की बंदच ठेवतात), आणि आम्ही आत एसीत. साडेपाचला परत गेलो तेव्हा आईच पुढं. चारही दिवस हेच केलं, चार टिक, आणि माझ्या मते ८८ डॉलर दुसऱ्या कशाचे नाहीत, ह्या दुपारचेच आहेत. बाहेरच्या हॉटेलातून हे एकदा करून बघितलं: मॅजिक किंगडममधून आधी बोटीनं किंवा मोनोरेलनं पार्किंगच्या बाजूला यायचं, गाडी शोधायची, ट्रॅफिक, हॉटेल, परत तेच उलटं. जाऊन येऊन दोन तास गेले आणि झोप झाली वीस मिनिटं.

गंमत म्हणजे आईला सगळ्यात आवडलेली राईड कुठली तर तो पाळणा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उगीचच दोनदा फिरून आली नातीबरोबर. "ह्याला तिकीट न्हाई?" म्हणून तिसऱ्यांदा विचारलं मला. नाही. आणि नंतर कळलं की त्या पाळण्याला हॉटेलचं कार्डसुद्धा कुणी विचारत नाही, बाहेरचा माणूसपण बसू शकतो. म्हणजे जे हॉटेलच्या सवलतीत धरलेलं ते सगळ्यांनाच फुकट!

बाहेरच्या हॉटेलाची एक गोष्ट मात्र मानायला पाहिजे, खोलीत छोटं किचन होतं. चार दिवस पिझ्झा-बर्गर खाऊन आईनं तिथं पहिल्या संध्याकाळी भात-आमटी केली, भावाकडून आणलेला कांदा-लसूण मसाला घालून, आणि सगळे असे जेवले की कुणी बोललं नाही पाच मिनिटं. ह्याची किंमत वहीत कुठल्या बाजूला लिहायची ते कळलं नाही.

ऑर्लँडोतच युनिव्हर्सल म्हणून दुसऱ्या कंपनीची पार्कं आहेत, तिथं आम्ही गेलो नाही, वेळ नव्हता, पण हिशोब केला होता. तिथं पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक ह्या तीन हॉटेलांत राहिलं की रांग चुकवायचा एक्स्प्रेस पास खोलीबरोबरच येतो, खोलीतल्या सगळ्यांना, आणि चेक-इनचा दिवस व चेक-आऊटचा दिवस दोन्ही चालतात. म्हणजे एक रात्र, दोन दिवस. पाच माणसांचे पास दोन दिवस विकत घ्यायचे म्हटलं तर बहुतेक वेळा खोलीचं भाडंच स्वस्त पडतं. ह्याला म्हणतात सवलत, कागदावर मोजता येते. फक्त २२ मे २०२५ ला उघडलेल्या एपिक युनिव्हर्स पार्कात तो फुकटचा पास चालत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

आता बिडदी. त्या वर्षी शिक्षक कर्नाटक सरकारच्या सर्व्हेच्या कामात असल्यामुळं दसऱ्याची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढली तेव्हा मुलं घरात उच्छाद मांडायलालेली म्हणून गेलो. वंदे भारतनं गेलो, बेळगावहून पहाटे ५:२० ला सुटते आणि बेंगळूरला पोचते दुपारी पावणेदोनच्या पुढं. तिथंच सगळं ठरलं बघा. दोनला बेंगळूर स्टेशन, पुढं बिडदी, म्हणजे त्या दिवशी पार्कचं तिकीट काढणं वेडेपणा. म्हणून रात्री तिथंच रिसॉर्टात राहिलो, पार्कला लागूनच आहे, २०१२ साली झालेलं. बिडदीत साध्या लॉजपेक्षा पाच-सहा हजार जास्त गेले. सवलत काय तर चालत पार्कात जायचं, एवढीच. पार्क उघडतं अकराला, त्यामुळं सकाळची घाई हा प्रकारच नाही. खोली घेतली म्हणून राईडची लाईन कमी होत नाही, त्याला फास्टट्रॅकचं वेगळं तिकीट, साध्याच्या जवळपास दुप्पट. पण वॉटर राईड झाल्यावर ओल्या मुलांना घेऊन चालत खोलीत येणं, गरम पाण्याची आंघोळ, आईनं गॅलरीत बसून कॉफी पिणं, हे बरं वाटलं. मुलं तर खूशच. सकाळी मात्र नाश्त्याचा बुफे सोडून मी बिडदीत जाऊन तट्टे इडली खाऊन आलो, ताटाएवढी इडली वर लोणी, त्या गावात जाऊन ती न खाता येणं म्हणजे बेळगावात येऊन कुंदा न खाता जाणं.

जानेवारीत २६ ला सोमवार आलेला, लाँग वीकेंड. ह्यावेळी आई नको म्हणाली, आम्ही चौघंच. शुक्रवारी रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं निघालो, सकाळी बेंगळूर, स्टेशनवरच आवरून मेट्रोच्या पर्पल लाईननं शेवटच्या स्टॉपला चल्लघट्टला, तिथनं टॅक्सी. बॅगा लॉकरमध्ये. खोलीचे पैसे वाचले त्यातनं चौघांचे फास्टट्रॅक काढले आणि गर्दी असूनसुद्धा आमच्या ऑक्टोबरपेक्षा जास्त राईड झाल्या, मुलानं मोजल्या आहेत. संध्याकाळी परत स्टेशन, रात्रीची गाडी, रविवारी सकाळी घरी. मुलगी मात्र परतीच्या गाडीत बसायच्या आधीच प्लॅटफॉर्मवर बायकोच्या खांद्यावर झोपली होती, केस अजून ओलेच, आणि बायकोनं माझ्याकडं जे बघितलं ते मी वहीत लिहिलेलं नाही.

मे महिन्यात भाऊ येणार आहे अटलांटाहून, त्याच्या मुलांना बिडदी दाखवायचं ठरलंय. मी दोन्ही बाजूची राणी चन्नम्मा आणि फास्टट्रॅक असा हिशोब मांडून ठेवला होता, चांगला पानभर. काल आईला वाचून दाखवला. ती शेंगा सोलत बसलेली, ऐकून घेतलं सगळं आणि म्हणाली, "खोली असली तर मी येते." आता उद्या रिसॉर्टला फोन लावतो.