जॉर्जिया टेकची ऑनलाइन एमएस पदवी: स्पेशलायझेशन आणि विषयांच्या अटींचा अनुभव

अमेरिकेतील जॉर्जिया टेक या विद्यापीठाने 2014 मध्ये सुरू केलेला कॉम्प्युटर सायन्समधील ऑनलाइन एमएस अभ्यासक्रम मी गोव्यात पर्वरीतील नोकरी सांभाळून काही महिन्यांपासून करीत आहे. स्पेशलायझेशन कोणते घ्यावे, हाच प्रश्न प्रवेशेच्छू मित्र प्रथम विचारतात. माझ्या मते मात्र नावापेक्षा त्यामागच्या अटी आधी वाचाव्यात.

पदवीसाठी 30 क्रेडिट, म्हणजे 10 विषय लागतात. कॉम्प्युटिंग सिस्टिम्स घेतल्यास त्यांपैकी 6 विषय स्पेशलायझेशनचे आणि 4 ऐच्छिक असतात, तर मशीन लर्निंगमध्ये ही विभागणी 5 आणि 5 अशी आहे. ग्रॅज्युएट अल्गोरिदम्स हा कठीण समजला जाणारा विषय या दोन्ही वाटांवर येतोच, आणि त्याच्या जागा लवकर भरत असल्यामुळे बहुतेकांना तो शेवटच्या सत्रांत मिळतो. स्पेशलायझेशनमध्ये धरल्या जाणाऱ्या विषयांत किमान बी श्रेणी लागते, ऐच्छिक विषयांत सी चालते. त्यामुळे नऊ विषय पार केल्यानंतरही पदवी या एका विषयावर अडू शकते. पूर्वी इंटरॅक्टिव्ह इंटेलिजन्स म्हटल्या जाणाऱ्या आर्टिफिशियल इंटेलिजन्स शाखेत अल्गोरिदम्सऐवजी सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट प्रोसेस घेण्याची सोय आहे, आणि ज्यांचे गणित कच्चे आहे त्यांनी ती कमीपणाची मानू नये.

पहिल्या वर्षाची अट वेगळी आहे. पहिल्या 12 महिन्यांत पायाभूत विषयांच्या यादीतील दोन विषय किमान बी श्रेणीने पूर्ण करावे लागतात. मी त्यांपैकी ऑपरेटिंग सिस्टिम्सपासून सुरुवात केली. त्यातील प्रकल्प मुख्यतः सी भाषेत आहेत: आधी अनेक थ्रेड्स (एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारी कामे) वापरून फाइल पाठवणारा सर्व्हर, नंतर शेअर्ड मेमरीतून चालणारा कॅशे, म्हणजे वारंवार लागणाऱ्या फाइलींचा तात्पुरता साठा. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकताना सी भाषेची परीक्षा दिलेली असली, तरी पॉइंटर आणि मेमरी यांचा खरा सराव असल्याशिवाय हा विषय नोकरीसोबत पहिलाच घेऊ नये. व्याख्याने नेटकी आहेत, पण शिकणे घडते ते प्रकल्पांत, आणि तिथेच आठवड्याचे सगळे रिकामे तास जातात.

गोव्यातून शिकताना वेळापत्रकाचा विचार करावाच लागतो. ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होणाऱ्या सत्राचे पहिले काम नेमके चवथीच्या सुमारास अंगावर येते, आणि घरी पाहुणे असताना डीबगिंग करणे ही वेगळीच साधना आहे. उन्हाळी सत्र मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसाळा. कॅमेऱ्यासमोर द्यायच्या परीक्षेसाठी इन्व्हर्टर आणि मोबाइलचे पर्यायी इंटरनेट तयार ठेवलेले बरे. अनेक विषयांत मुदत पृथ्वीवरील सर्वांत शेवटच्या कालविभागाप्रमाणे धरतात, त्यामुळे रविवार रात्रीची मुदत आपल्याकडे सोमवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास संपते. नोकरदारांसाठी ही सवलत मोलाची आहे, मात्र सोमवारी दुपारच्या बैठका आधीच टाळून ठेवाव्या लागतात.

मी सध्या कॉम्प्युटिंग सिस्टिम्स धरून चाललो आहे. पुढच्या सत्रात नेटवर्क्स घेणार आहे, कारण तो पायाभूत विषयांच्या यादीतही आहे आणि या शाखेतही मोजला जातो.