विंडोज १० ते लिनक्स मिंट : एका मराठी मुद्रितशोधकाचा आठ महिन्यांचा अनुभव

मी मराठी पुस्तकांचे मुद्रितशोधन आणि भाषांतर करतो. दिवसाचे सहा-सात तास संगणकापुढे जातात आणि त्यांतला बहुतेक वेळ देवनागरी मजकूर टंकण्यात व तपासण्यात जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये मी लॅपटॉपवर विंडोज १० च्या जोडीला लिनक्स मिंट २२.१ (विंडोजसारखीच संगणक चालवणारी, पण मोफत मिळणारी प्रणाली) टाकले आणि सप्टेंबरअखेर विंडोज पूर्णपणे काढून टाकले. या विषयावरचे बहुतेक लेखन इंग्रजीत काम करणाऱ्यांचे असते. मराठीत काम करणाऱ्याचे नेमके कुठे अडते हे त्यातून कळत नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

लॅपटॉप २०१६ सालचा आहे, सहाव्या पिढीचा कोअर आय-फाइव्ह प्रोसेसर आणि आठ जीबी रॅम असलेला. तीन वर्षांपूर्वी त्यात एसएसडी (वेगवान डिस्क) बसवली होती आणि तो उत्तम चालत होता. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबणार, हे मात्र आधीच जाहीर झालेले होते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे माझ्या लॅपटॉपला तो रस्ता बंद होता. सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत घेतली असती, तरी वर्षभराने प्रश्न पुन्हा तिथेच येऊन उभा राहिला असता. चालता लॅपटॉप केवळ त्या कारणासाठी भंगारात काढणे मला मनापासून चुकीचे वाटले. मिंट २२ ची मालिका उबुंटू या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रणालीच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

मिंटची सर्वांत चांगली सोय म्हणजे ते पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते, डिस्कवर काहीही न बदलता. मी आठवडाभर रोज संध्याकाळी तसेच काम केले. वाय-फाय, आवाज, पडद्याचा उजेड, टचपॅड या सगळ्या गोष्टी कुठलीही खटपट न करता चालल्या. मग पूर्ण बॅकअप घेतला, विंडोजमधून डिस्कचा एक भाग मोकळा केला आणि त्यावर मिंट टाकले. त्याला अर्धा तासही लागला नाही.

मला खरी काळजी कीबोर्डची होती. गेली अठरा वर्षे मी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळमांडणी) पद्धतीने टंकतो आणि बोटांची ती सवय मोडली असती, तर माझी रोजीरोटीच थांबली असती. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठीची मांडणी निवडली, भाषा बदलण्यासाठी ऑल्ट आणि शिफ्ट या कळा ठरवल्या आणि एक रिकामी फाईल उघडली. पहिला शब्द ‘दऱ्या’ टंकला. इनस्क्रिप्टमध्ये ‘र’ जे च्या कळीवर असतो आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो. त्यापुढे डी ची कळ दाबून हलन्त, मग ‘य’, मग काना. पडद्यावर ‘दऱ्या’ उमटले, ‘दर्या’ नव्हे. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतला फरक ज्याला रोज सांभाळावा लागतो, त्यालाच या एका अक्षराचे मोल कळेल. रोमन अक्षरांवरून उच्चाराप्रमाणे टंकणाऱ्यांसाठीही मराठीची वेगळी मांडणी आहे, पण ती मी वापरलेली नाही.

कागदपत्रांसाठी मिंटबरोबर लिब्रेऑफिस येते. त्यात मराठीत काम करणाऱ्याने पहिल्याच दिवशी एक गोष्ट करावी. भाषेच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या नावाखाली मराठी निवडावी आणि देवनागरीसाठीचा फॉन्ट तिथेच ठरवून टाकावा. रोमन आणि देवनागरी मजकुराचा फॉन्ट व आकार हे सॉफ्टवेअर वेगवेगळे लक्षात ठेवते, आणि हे मला माहीत नव्हते. त्यामुळे पहिले दोन आठवडे माझ्या फायलींत मराठी मजकूर एका आकाराचा, तर त्यातली इंग्रजी अंकांत लिहिलेली साले दुसऱ्याच आकाराची दिसत होती. मी आकार बदलत होतो तो रोमनचा, आणि देवनागरी जागची हलत नव्हती.

दुसरी अडचण फॉन्टची. प्रकाशकांकडून येणाऱ्या वर्डच्या फायली बहुधा मंगल, कोकिळा किंवा निर्मला यूआय या फॉन्टमध्ये असतात. हे फॉन्ट विंडोजबरोबर येतात, मिंटमध्ये ते नसतात. त्यांच्या जागी दुसरा फॉन्ट येतो, अक्षरे नीट वाचता येतात, पण पानांचा हिशेब बिघडतो. कोकिळाची अक्षरे त्याच आकारातल्या इतर फॉन्टपेक्षा लहान असतात, त्यामुळे कोकिळात ४० पानांचे असलेले एक हस्तलिखित माझ्याकडे ५१ पानांचे झाले. दुरुस्त्या पान-क्रमांकाने कळवण्याची आमची जुनी रीत आहे. तिच्यामुळे एकदा प्रकाशकाचा आणि माझा चांगलाच घोळ झाला, आणि त्यानंतर मी पानाऐवजी प्रकरण व परिच्छेद कळवू लागलो. नव्या कामासाठी मी नोटो सेरिफ देवनागरी आणि मुक्ता वापरतो. हे दोन्ही फॉन्ट मुक्त आहेत आणि समोरच्यालाही मोफत बसवून घेता येतात.

शुद्धलेखन तपासनीस मराठीतही मिळतो, पण त्याच्यावर विसंबू नये. मराठीत शब्दाला विभक्ती, त्यावर शब्दयोगी अव्यय, त्यावर पुन्हा प्रत्यय असा डोलारा उभा राहतो. ‘घर’ आणि ‘घरात’ त्याला ओळखता येतात, ‘घरासमोरच्यांनाही’ पुढे आले की तो खाली लाल रेघ ओढतो. मी तो केवळ टंकनाच्या ढोबळ चुका पकडण्यासाठी चालू ठेवतो.

आता जिथे माझे सर्वाधिक कष्ट गेले त्याविषयी. युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) रुळण्याआधीची, म्हणजे २००० ते २०१२ या काळातली माझी सगळी कामे कृतीदेव, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये होती. या फायलींत मराठी अक्षरे साठवलेलीच नसतात. कृतीदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द प्रत्यक्षात ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच या पाच इंग्रजी अक्षरांनी साठवलेला असतो आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट गेला की शब्दही गेला. शोधायला जावे तर ‘मराठी’ सापडत नाही, आणि दुसऱ्या यंत्रावर फाईल उघडली की अगम्य इंग्रजी अक्षरांच्या रांगा समोर येतात. विंडोजवर फॉन्ट बसवलेले असल्यामुळे हा दोष वर्षानुवर्षे झाकला गेला होता, मिंटवर आल्यावर तो पहिल्याच दिवशी उघडा पडला.

रूपांतर करणारी साधने आहेत, पण ती निर्दोष नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी, साठवलेली असते, तर रफार अक्षर व मात्रा यांच्या नंतर येतो. युनिकोडमध्ये हे दोन्ही क्रम उलटतात. साधी अक्षरे बरोबर बदलतात, पण ‘आर्थिक’, ‘मार्मिक’, ‘वार्षिक’ यांसारख्या शब्दांत, जिथे वेलांटी आणि रफार एकत्र येतात, तिथे हमखास गफलत होते. मी एकूण ६४० फायली बदलल्या आणि प्रत्येक फाईल बदलल्यावर निदान असे शब्द शोधून तपासले. या कामात मला पाच महिन्यांतले जवळजवळ सगळे रविवार घालवावे लागले. विंडोजमध्ये परत गेलो तो मुख्यतः याच कामासाठी, कारण माझे जुने रूपांतराचे साधन तिथेच चालत होते. जे प्रकाशक अजून पेजमेकर या पाने लावण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरवर आहेत, त्यांची पाने मी मिंटवर उघडू शकत नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ साली आली आणि तरीही त्यात आज पुस्तके लागतात. त्यांच्याकडून मी पीडीएफ मागवतो आणि दुरुस्त्या त्यावरच नोंदवतो.

बाकीच्या अडचणी लहान होत्या. दोन्ही सिस्टीम एकत्र असताना विंडोजमध्ये गेले की घड्याळ साडेपाच तास मागे दिसे. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, एवढेच त्याचे कारण. टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकून देण्याच्या खिडकीत) एक आज्ञा दिल्यावर ते थांबले. जूनमध्ये एका अपडेटनंतर वाय-फाय बंद पडले आणि त्याच रात्री एक प्रकरण पाठवायचे होते. संगणक सुरू होतानाच्या यादीतून आधीचा कर्नल (प्रणालीचा गाभा) निवडल्यावर ते लगेच चालू झाले, पण ते दहा मिनिटे शोधण्यात जीव टांगणीला लागला होता. तेव्हापासून अपडेट घेण्यापूर्वी मी टाइमशिफ्ट या साधनात प्रणालीची प्रत ठेवतो. माझा जुना लेझर प्रिंटर मात्र शेवटपर्यंत चालला नाही, कारण कंपनीने लिनक्ससाठी चालणारा ड्रायव्हर दिलेलाच नाही. छापील प्रुफे आता कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणतो. नवा प्रिंटर घेताना हे आधी विचारून घेईन.

वेग वाढला आहे. सुरू होण्याची वेळ जवळपास निम्म्यावर आली. अकरा टॅब, दोन शब्दकोश आणि ४०० पानांची फाईल एकत्र उघडी असतानाही आता पंखा गरगरत नाही.

कुणी विचारले तर मी आधी एकच विचारतो, तुमच्या फायली युनिकोडमध्ये आहेत का? असतील तर जुना लॅपटॉप वाचवायला मिंट निःशंकपणे वापरावे. नसतील तर विंडोज चालू आहे तोवरच त्या बदलून घ्याव्यात, मग पुढे मिंट वापरा अथवा वापरू नका. सप्टेंबरमध्ये २२.२ आले, ते अपडेट मॅनेजरमधून बसवले आणि त्याच महिन्यात विंडोजचा भाग पुसून तिथे जुन्या कामांचा संग्रह ठेवला. त्यातल्या एकोणीस फायलींचा फॉन्ट अजून ओळखता आलेला नाही. त्यांच्या छापील प्रती माझ्या कपाटात आहेत आणि त्यांवरून त्या पुन्हा टंकायला मी सुरुवात केली आहे.