खुली मोटर की ठरलेली मोटर?

नाशिकमध्ये आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांची शर्यत भरवायची म्हटलं की घोडं मोटरवरच अडतं. खुल्या गटात कोणतीही मोटर चालते. १/१० मापाच्या गाडीत ४.५ टर्नची (टर्न म्हणजे मोटरमधल्या तारेचे वेढे) ब्रशलेस मोटर म्हणजे नुसता थरार. पण टायर भराभर झिजतात, वळणावर गाडी उधळली की पुढचा आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, गेलाच, आणि नवा पार्ट कुरियरने येईपर्यंत मालक प्रेक्षकांत.

ठरलेल्या गटात सगळ्यांना १७.५ किंवा २१.५ टर्न. टर्न जास्त तितका वेग कमी, करंटही कमी. सोबत ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, 'ब्लिंकी'वर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक टायमिंग शून्य; त्यातून मोटरला जादा वेग मिळत नाही. गाडी उभी असताना दिवा लुकलुकतो, तपासणाऱ्याला बघताक्षणी कळतं. पळवाटा इथेही आहेत. पैसेवाला चार मोटरी घेऊन त्यातली सर्वांत जोरदार निवडतोच. म्हणून नुसती मोटर ठरवून भागत नाही, टायरही सगळ्यांना एकाच प्रकारचे हवेत. माझ्या मते खरा खर्च तिथेच वाचतो.

सातपूरच्या कारखान्यात आठवडाभर शिफ्ट करून रविवारी येणाऱ्याला मी २१.५च सांगेन. तीन-चार गाड्या बंपरला बंपर लावून वळणात शिरतात, ती मजा खुल्या गटात क्वचितच. तिथे गाड्या लगेच पांगतात. खुला गट ठेवा, पण हात बसलेल्यांसाठी.