छपरावर न चढता धुराड्यात लायनर बसवणारा इन्स्टॉलर

इंग्लंडमध्ये जुनं घर घेऊन लाकडाचा स्टोव्ह बसवायच्या विचारात असलेल्या आपल्या लोकांसाठी लिहितोय. माझे ३,४८० पौंड गेले. स्टोव्ह १,१५०, स्टीलचा लायनर (धुराड्याच्या आत घालायची नळी) ६४०, जुनी फायरप्लेस फोडून दगडी चौथरा करायचे ५९०, मजुरी १,१००. पावती अगदी व्यवस्थित टाइप केलेली.

यॉर्कशायरमधलं आमचं घर शंभरीपुढचं. जुन्या विटांच्या धुराड्याचे सांधे झिजतात, धूर घरात झिरपतो, म्हणून लायनर हवाच, हे स्टोव्ह बसवायला आलेल्या माणसानंच समजावलं. ते खरंच होतं, म्हणून तर विश्वास बसला. हेटासचं (लाकडाचे स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंद ठेवणारी संस्था) ओळखपत्रही दाखवलं. त्यावरचा नंबर खरा निघाला, पण दुसऱ्याच फर्मचा. ओळखपत्र बघून थांबू नका, रजिस्टरवर जो फोन नंबर असेल त्यावर स्वतः फोन करा.

एक गोष्ट आठवली की अजून अंगाची लाही लाही होते. त्या दिवशी घराला शिडीच लागली नाही! लायनर वरून सोडा नाहीतर खालून चढवा, वरचं टोक चिमणीला आवळायला कुणीतरी छपरावर जावंच लागतं. मी घरीच होतो, त्याला चहा नेऊन देत होतो. विचारलंसुद्धा, "वर कधी चढणार?" "आता सगळं खालूनच होतं," म्हणाला. मी कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस, धुराड्याच्या आत काय चालतं ते मला कसं कळणार? परवानाधारक म्हणून आलेल्या माणसावर पहारा ठेवायचा का?

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर त्यानं लावलाच नाही. "नवीन स्टोव्हला लागत नाही," म्हणे. साफ खोटं. स्टोव्हच्या खोलीत तो बसवणं नियमानं सक्तीचं आहे.

थंडीत आई सांगलीहून आली. रोज सकाळी तिचं डोकं दुखायचं, आम्ही म्हणायचो हवा बदलली. शेवटी मी २५ पौंडांचे दोन अलार्म आणले, एक खाली, एक तिच्या खोलीत. त्याच रात्री वरचा वाजला. धुराडं साफ करणाऱ्यानं कॅमेरा आत घातला. लायनर जेमतेम दीड मीटर, टोकाभोवती लोकर कोंबलेली, आणि वर उघड्या काळ्या विटा. पैसे नऊ मीटरचे घेतले होते.

मग दारोदार फिरणं सुरू झालं. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलिसांच्या मते हा दिवाणी वाद. ग्राहक हेल्पलाइननं तक्रार क्रमांक दिला, पुढे कुणाचाही फोन नाही. काउन्सिलनं तर कमालच केली: कामाची नोंद नाही, जबाबदारी घरमालकाची, नियमित करायचं तर फी भरा! विषारी वायू माझ्या आईच्या खोलीत, आणि नोटीस मलाच. तो माणूस आजही दुसऱ्या नावानं जाहिराती करतो.

क्रेडिट कार्डानं द्या. १०० पौंडांवरच्या खरेदीत १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्याच्या कलम ७५ नुसार कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते. मला "कार्डावर महाग पडेल" म्हणून त्यानं थेट खात्यात घेतले. काम नियमानुसार झाल्याचं सर्टिफिकेट हातात येईपर्यंत शेवटचा हप्ता सोडू नका. लायनरच्या दोन्ही टोकांचे फोटो मागा. स्टोव्ह पाच किलोवॉटच्या वरचा असेल तर हवेची कायमची जाळी कुठे, तेही विचारा.

नवीन माणसाकडून सगळं परत करून घ्यायला २,२६५ पौंड लागले. त्यानं पहिल्याच सकाळी छपराला शिडी लावली.