जुनं पीएएफ की त्याची नवी आवृत्ती?

१९५७ ते १९६२ या काळातली गिब्सनची हंबकर (इलेक्ट्रिक गिटारची दोन कॉइलींची पिकअप), म्हणजे तळाला ‘पेटंट अप्लाइड फॉर’ची काळी चिठ्ठी असलेली पीएएफ, आणि त्यांच्या धर्तीवर गिब्सनच काढत आलेली ५७ क्लासिक व बर्स्टबकर. गिब्सनच्या लेस पॉल किंवा ईएस-३३५ गिटारमध्ये यांतलं काय बसवावं? अस्सल जोडीला हजारो डॉलर पडतात, नवीला काही शे. पण पैशाचा प्रश्न नसता, तरी माझा कौल नव्याकडेच गेला असता.

आधी आवाज. गिब्सनचा अभियंता सेथ लव्हर याचा आराखडा एकच, तरी कॅलामाझूच्या कारखान्यातून निघालेली दोन पीएएफ सारखी नसत. कॉइलला ४२ गेजच्या तारेचे वेढे पाच हजारांच्या आसपास, चुंबक अल्निको (अॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचा मिश्रधातू) २ ते ५ पैकी जो असेल तो. दोन कॉइलींचे वेढे कमीजास्त झाले की थोडी घरघर राहते, पण वरचे स्वर मोकळे होतात. चांगलं पीएएफ नेकला, म्हणजे गिटारच्या मानेजवळ असेल आणि व्हॉल्यूम ६-७ वर असेल, तर कॉर्डमधली प्रत्येक तार सुटी ऐकू येते. ५७ क्लासिकमध्ये हा मोकळेपणा माझ्या कानाला किंचित कमी वाटतो, कारण त्याच्या दोन्ही कॉइली समान आहेत. बर्स्टबकरमध्ये वेढे मुद्दाम असमान ठेवलेत, त्यामुळे ते बरंच जवळ जातं.

विक्रेत्याने दिलेल्या रोधाच्या, म्हणजे किलोओहमच्या आकड्यावर फार विसंबू नका. २० अंशांना ८.० दाखवणारं पिकअप ३५ अंशांच्या खोलीत ८.४७ दाखवतं, कारण तांब्याचा रोध तापमानासोबत वाढतो. गिटारच्या जॅकवरून मोजलं तर ५०० किलोओहमचा व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा बदलता रोध) समांतर येऊन तेच ८.० उतरून ७.८७ होतं. हा फरक पाहून पिकअप ‘हॉट’ (जोरदार) किंवा ‘वीक’ (कमजोर) ठरवणं चुकीचं आहे.

माझ्यापुरता निकाल लागला तो शिट्टीवर. पीएएफ मेणात बुडवलेली नसत. अँपचा गेन (आवाज फाटेपर्यंत सिग्नल वाढवणारं बटण) वाढवला आणि अँपसमोर उभं राहिलं की कव्हर आणि सैल वेढे थरथरतात, आणि तारेच्या गोड फीडबॅकऐवजी तीक्ष्ण किंचाळी निघते. ओळखायची खूण सोपी: तारा तळहाताने पूर्ण दाबा. तरी आवाज थांबला नाही, तर दोष पिकअपचा. नखाने कव्हरवर टिचकी मारली तर ती स्पीकरमधून टकटक ऐकू येते.

बर्स्टबकर १ही मेणाविना येतं, त्यामुळे हा त्रास त्यातही होऊ शकतो. पण तिथे उपाय करता येतो. पॅराफिन आणि मधमाश्यांचं मेण वजनाने ८०:२० घ्या, उकळत्या पाण्यावरच्या भांड्यात वितळवा, थर्मामीटर लावून ६५ अंशांच्या आसपास ठेवा. पिकअप वायरने लटकवा, तळाला टेकू देऊ नका. बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण १०-१५ मिनिटं पुरतात. थेट ज्योतीवर मेण कधीच नको, ते पेटतं. बॉबिन (तार गुंडाळायची चौकट) ब्यूटिरेट या प्लास्टिकचं असेल तर हा प्रयोग करू नका. उष्णतेने ते मऊ पडून वाकतं आणि तार तुटू शकते.

अस्सल पीएएफचं बॉबिन ब्यूटिरेटचंच असतं, म्हणजे मेणाचा रस्ता धोक्याचा. कव्हर काढावं तर कारखान्यातलं सोल्डर तुटतं आणि किंमत पडते. स्प्रिंगऐवजी सिलिकॉनची नळी आणि पिकअपखाली मऊ फोम घालता येतो, पण त्याने पिकअपचं हलणं थांबतं, आतल्या वेढ्यांचं नाही. एवढी दुर्मीळ वस्तू घ्यायची आणि तिला हात लावायची सोय नाही, हे मला खटकतं. गेन कमी ठेवून ब्लूज किंवा जॅझ वाजवणाऱ्याला हा त्रास होणारही नाही. त्याने खात्रीचं पीएएफ जरूर घ्यावं. चिठ्ठ्या मात्र नकली मिळतात, म्हणून सोल्डर, तारेचा रंग आणि तळपट्टीच्या पायांवरच्या एल आकाराच्या खुणा जाणकाराला दाखवा.

बाकीच्यांनी ब्रिजला, म्हणजे तारा टेकतात त्या टोकाजवळ, ५७ क्लासिक प्लस घ्यावं, ते मेणात बुडवलेलंच येतं, आणि नेकला बर्स्टबकर १. शिट्टी बहुधा ब्रिजवर जास्त गेन लावल्यावरच सुरू होते, आणि मोकळेपणा हवा असतो नेकला. नवं पिकअप मंद वाटलं तर त्याला दोष देण्याआधी व्हॉल्यूम पॉट मोजा. गिब्सनच्या बऱ्याच गिटारींत तिथे ५०० ऐवजी ३०० किलोओहमचे पॉट आलेत, आणि ट्रेबल तिथेच मरतो.

दोन वेगळी मॉडेलं एकत्र लावली की स्विच मध्ये ठेवून, दोन्ही पिकअप चालू असताना, आवाज पोकळ, बारीक येतो का ते ऐका. तसा आला तर फेज उलटी आहे, म्हणजे दोन पिकअपचे सिग्नल एकमेकांना खोडतायत. एकाच वायरीच्या शिल्डेड केबलमुळे (वायरीभोवतीची धातूची जाळीच दुसरं टोक असते) जोडणी उलटवता येत नाही. चुंबक उलटवावं लागतं. मागचे चार स्क्रू सैल करा, चुंबक सरकवून बाहेर काढा, लांब अक्षाभोवती पालथं करा आणि परत सरकवा. बाहेर असताना ते दुसऱ्या चुंबकाजवळ ठेवू नका, तेवढ्यानेही अल्निकोची ताकद उतरते.