सायकलवर गाणी: कानात इअरफोन की कान मोकळे?

लांबच्या एकसुरी रस्त्यावर गाण्याची सोबत बरी वाटते. ठेका जमला की पायही लयीत फिरतात. पण कानात घट्ट बसणारे इअरबड मागून येणाऱ्या गाडीचा आवाज दाबतात. वेग ताशी २५ किलोमीटरच्या पुढे गेला की कानाशी वारा घोंघावतो, आणि आपण नकळत आवाज वाढवतो.

कान मोकळे असले की सायकलही बोलते: कोरडी पडलेली चेन कुरकुरते, ब्रेकपॅड रिमला घासत असतो. रहदारीत माझं मत यालाच. बोन कंडक्शन हेडफोन, म्हणजे गालाच्या हाडातून कंपनांनी आवाज पोचवणारे, कानाचं भोक झाकत नाहीत, हा मधला मार्ग. लक्ष मात्र तरीही थोडं वाटलं जातंच.

घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल एका जागी ठेवून चालवायच्या स्टँडवर, खुशाल मोठ्याने लावा. तिथे मागून येऊन येऊन कोण येणार?